बाळ रात्री दर तासाला उठतं? आधी वही काढा

८.५० झोपली. ९.३५ उठली. ११.४० उठली (माझी स्कूटर). १२.५५. १.५०. २.४० वीज गेली, पंखा बंद. ३.४५. ४.३०. ५.५० पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा, दिवस सुरू.

ही आमच्या वहीतली गेल्या ऑगस्टमधली एक रात्र. बाय, म्हणजे आमची मुलगी, तेव्हा आठ महिन्यांची होती. बायको २६ आठवड्यांची रजा संपवून पणजीला ऑफिसात जायला लागून दोन महिने झाले होते. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सला, बहुतेक दुसरी पाळी, म्हणजे ३ ते ११. घरी माझी आई. गोव्यात प्रियोळचं जुनं घर, मागे थोडं कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग. तिघांपैकी कुणालाच सलग तीन तास झोप मिळत नव्हती आणि प्रत्येकाकडे कारण तयार होतं. आई म्हणायची, "भुरग्याक दिश्ट लागल्या." बायकोला वाटायचं दूध पुरत नाही. माझं आपलं एकच, दात. मग एके रात्री मीठमोहऱ्या ओवाळायच्या, दुसऱ्या रात्री निजताना जास्त भरवायचं, तिसऱ्या रात्री हिरड्यांना थंड चमचा. रोज नवा उपाय केला की कशाने गुण आला आणि कशाने बिघडलं, काहीच कळत नाही. कंपनीत एखादी मोटर सारखी ट्रिप होऊ लागली तर मी पाना घेऊन धावत नाही, आधी लॉगबुक बघतो. घरी मात्र दोन महिने पाना घेऊन धावत होतो.

तेव्हा पहिलं काम हे: पाच रात्री काहीही बदलू नका, नुसतं लिहा. चार रकाने पुरेत. किती वाजता उठलं, त्याआधी झोपलं कसं (पिता पिता, खांद्यावर, पाळण्यात), परत कशाने झोपलं, आणि त्या वेळी खोलीत काय चाललं होतं. वही कागदाचीच घ्या, पेन्सिल दोरीने बांधून ठेवा. मोबाइल उघडला की खोलीत उजेड होतो आणि नोंद राहते बाजूला, आपण भलतंच काहीतरी वाचत बसतो. मी बसलोय.

उठलंय की नुसतं हललंय?

वही सुरू केल्यावर दुसऱ्याच रात्री कळलं की नऊ नोंदींपैकी तीन खोट्या आहेत. ती उठलीच नव्हती, आम्ही उठवली होती.

लहान बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं, मोठ्यांचं ९०च्या आसपास. चक्र संपताना झोप पातळ होते. शिवाय नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप ही चळवळी झोप असते: पापण्यांखाली डोळे फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, मध्येच हसू येतं, मध्येच कण्हणं. आपल्याकडे याला सटवाई हसवते, सटवाई रडवते म्हणतात. कारण काहीही सांगितलेलं असो, निरीक्षण पक्कं आहे, आणि मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. सटवाई खेळवतेय म्हटल्यावर जुन्या बायका बाळाला हात लावत नसत, बघत बसत. आपण मात्र पहिल्या हुंकाराला उचलून खांद्यावर घेतो, पाठीवर थोपटतो, आणि जे बाळ अर्ध्या मिनिटात परत खोल गेलं असतं ते टक्क जागं करतो.

नियम केला, दोन मिनिटं. घड्याळ बघून, कारण रात्री दहा सेकंदही दोन मिनिटांसारखे वाटतात. डोळे मिटलेले असतील तर हात लावायचा नाही. डोळे उघडे असतील, मान वळवून दूध शोधतेय, मुठी तोंडात जातायत, तर मात्र थांबण्यात अर्थ नाही. एवढ्या एका गोष्टीने नवाच्या सहा नोंदी झाल्या. फुकटात.

एक सांगून ठेवतो. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. दिवस आणि रात्र वेगळी असते हे शरीराला उमजायलाच दोन-तीन महिने लागतात, पोट लहान असतं, दर दोन-तीन तासांनी दूध लागतंच. चौथ्या महिन्याच्या आसपास झोपेची घडण बदलते, म्हणून तोवर छान झोपणारं बाळ अचानक उठू लागतं. त्यातही बिघाड नाही. चार महिने ते वर्षापर्यंत दिवसाची धरून २४ तासांत १२ ते १६ तास झोप हवी, आणि सहा महिन्यांनंतरही रात्री एक-दोनदा उठून पिणं हे नेहमीचंच. कुणाच्या तरी भावजयीचं बाळ तिसऱ्या महिन्यापासून रात्रभर झोपत असतं. ती भावजय मला अजून भेटलेली नाही.

दर तासाला, घड्याळ लावल्यासारखं

उरलेल्या सहांपैकी चार नोंदींचा तिसरा रकाना असा होता: पिऊन, पिऊन, खांद्यावर, पिऊन. आणि दुसरा रकाना प्रत्येक रात्री एकच: पिता पिता झोपली. इथेच मुख्य गाठ होती. बाळ ज्या वाटेने झोपेत शिरतं, तीच वाट ते प्रत्येक चक्राच्या टोकाला मागतं. भूक असो वा नसो. त्यामुळे रात्री दोनला काय करायचं हा प्रश्नच मागाहूनचा, रात्री साडेआठला काय केलं ते आधी बघायचं.

आम्ही बदल एकदम केला नाही, पायऱ्या केल्या. पहिले चार दिवस फक्त शेवटचं दूध वीस-पंचवीस मिनिटं अलीकडे आणलं, तेही झोपायच्या खोलीत नाही, बाहेर सोप्यावर (ओसरीवर), दिवा लावून. मग कोमट पाण्याने अंग पुसणं, कोरडे कपडे, देवाला नमस्कार, आईचं एकच ठरलेलं गाणं, खोलीत अंधार. क्रम रोज तोच. पाच-सहा दिवसांत गाणं सुरू झालं की ती डोळे चोळू लागली.

पुढची पायरी अवघड. पूर्ण झोपण्याआधी, पेंगुळलेली असताना अंथरुणावर ठेवायची. हे काम मी घेतलं, सुपरवायझरला सांगून दोन आठवडे पहिली पाळी मागून घेतली. आईजवळ गेलं की बाळाला दुधाचा वास येतो आणि नुसत्या थोपटण्यावर ते समाधान मानत नाही. बापाकडे द्यायला काहीच नसतं, हा त्याचा एकमेव फायदा. पहिल्या रात्री बाय पंचवीस मिनिटं रडली. मी शेजारी आडवा, माझा हात तिच्या पोटावर. दुसऱ्या रात्री त्याहून जास्त, मी जवळजवळ हरलो होतो. बायको बाहेर सोप्यावर कानात बोटं घालून बसलेली. चौथ्या रात्री दहा मिनिटं. सातव्या रात्री माझं बोट धरून झोपली आणि पहिल्यांदा १२.४० पर्यंत उठली नाही.

बाळाला एकटं सोडून रडू देण्याची पद्धतही असते, ठरावीक मिनिटांनी डोकावून परत जायचं. सहा महिन्यांवरच्या निरोगी बाळासाठी ती वापरणारे बरेच आहेत आणि त्यांना गुणही येतो. आमच्या घरी ते जमणार नव्हतं. आमच्या भिंती मातीच्या आणि कौलांखाली सगळ्या खोल्यांचा आवाज एकच. दहा मिनिटं बाळ रडलं तर शेजारची काकी कंदील घेऊन येते. त्यामुळे आम्ही जवळ राहून केलं. वेळ जास्त लागला, साधारण बारा-तेरा दिवस. ज्याच्या घराला जे झेपेल ते त्याने करावं. फक्त एक रात्र असं आणि एक रात्र तसं करू नये, त्याने बाळाचा गोंधळ होतो आणि रडणं वाढतं.

दिवसा उपास, रात्री जेवण

तरी तीन वेळा उठणं राहिलंच, आणि या तीनही वेळा ती खरोखर गटागटा प्यायची. म्हणजे भूक होती. दिवसाचं लिहायला लागलो तेव्हा कारण दिसलं. बायको घराबाहेर असताना दहा तासांत बाय वाटी-चमच्याने जेमतेम ६०-७० मिली दूध घ्यायची आणि राहिलेलं रात्री वसूल करायची. कामावर परत गेलेल्या बऱ्याच आयांचं हे होतं. आई दिवसभर नाही, रात्री आहे, मग बाळ रात्रीच जेवतं आणि रात्रीच भेटतं. बायकोचं दूध कमी नव्हतंच. वेळ उलटी झाली होती.

ती उलटी वेळ सुलटी करायला तीन आठवडे गेले. सकाळी निघण्यापूर्वी एकदा आणि संध्याकाळी पोचल्या पोचल्या एकदा, आतल्या खोलीत, दार लावून पाजायचं. आठ-नऊ महिन्यांचं बाळ मांजर दिसलं तरी पिणं सोडून तिकडे बघतं. काढून ठेवलेलं दूध थेट फ्रिजमध्ये. बाहेर चार तास चालतं असं जे सांगतात ते २५ अंशांच्या खोलीपुरतं आहे, आणि आमच्याकडे पावसातसुद्धा खोली त्याहून गरमच. फ्रिजमध्ये मात्र चार दिवस टिकतं.

वरचं खाणंही सुधारलं. तोवर आई पेजेची निवळ पाजत होती, कारण "पोटाला हलकी". हलकी खरी, पण त्यात असतं काय? निवळीऐवजी शिताची घट्ट पेज मऊ कुस्करून, मूगडाळ-भात तुपासह, नाचणीचं तिझण (खीर) गुळाशिवाय, उकडलेलं अंडं, काटे नीट काढलेला मासा. आणि लोह. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगचा लोहाचा साठा सरत येतो, आणि लोह कमी असलं तर झोप चाळवती होते, पाय झाडणं होतं. सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध असतं. आमच्या हातून ते राहून गेलं होतं. आरोग्य केंद्रात गेलो आणि सुरू केलं.

घर, पाऊस आणि पोदेर

पावसात वीज जाते, पंखा थांबतो, पंख्याचा आवाजही थांबतो, बाळ उठतं. यावर आमच्याकडे हुशारीचा उपाय नाही, चार्जिंगचा छोटा पंखा घेतला आणि तो मच्छरदाणीबाहेर ठेवला. बाळाला गरम होतंय का ते त्याच्या हातापायांना हात लावून बघू नका, ते थंडच लागतात. मानेच्या मागे, पाठीवर हात घाला. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा. आमच्या दमट हवेत मुलांना जास्त कपडे चढवण्याची चूक जास्त होते; बायच्या मानेच्या वळीत घामोळं होतं आणि आम्ही तिला पावसाची थंडी वाजेल म्हणून टोपरं घालत होतो. एसी असेल तर २४ ते २६वर, झोत अंगावर नको.

डासांसाठी मच्छरदाणीच. कॉईल बंद खोलीत लावली की नाक चोंदतं आणि नाक चोंदलं की बाळ उठतं. धुरीचंही तेच. ओवा, लसणीची सालं, धूप हे आई रोज तिन्हीसांजेला बाळाच्या अंगाखालून फिरवायची. ते थांबवायला सांगणं मला जड गेलं. शेवटी धुरी देवघरात आणि बाळ मागच्या खोलीत, अशी तडजोड झाली.

स्कूटर मी वळणावरच बंद करून ढकलत आणतो. पोदेराला एकदा थांबवून सांगितलं. आता तो आमच्या फाटकाशी भोंगा वाजवत नाही, टांगलेल्या पिशवीत पाव टाकून जातो. मागच्या खोलीच्या खिडकीला जाड पडदा लावला आणि ५.५० चे ६.३० झाले. पहाटेच्या उठण्याला उजेड हे फार मोठं कारण असतं आणि ते सगळ्यात शेवटी सुचतं.

एका रात्रीत बिघडलं तर

वरचं सगळं हळूहळू जडलेल्या सवयींचं. चांगलं झोपणारं बाळ एकदम दोन-तीन रात्री किंचाळत उठू लागलं तर आधी दुखणं शोधा. आडवं केलं की जास्त रडतंय, कान ओढतंय, सर्दी होऊन गेलीय: कान दाखवा. दातांनी हिरडी ठणकते, लाळ गळते, पण ३८ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप दातांचा नसतो, त्याचं कारण वेगळं शोधावं लागतं. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ किंवा जास्त ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, झोपेत घोरत मध्येच श्वास थांबणं, हिरवी उलटी, शौचात रक्त, लघवी अगदी कमी होणं, वजन न वाढणं, यातलं काही दिसलं तर वहीबिही सोडा आणि डॉक्टर गाठा. रात्रीची वेळ असेल तर १०८.

दुखणं नसेल तर बहुधा नवी करामत असते. बाय नवव्या महिन्यात रात्री दोनला कठडा धरून उभी राहायची आणि बसता येत नाही म्हणून रडायची. दिवसा तिला उभं राहून खाली बसायचा सराव दिला, आठवड्यात थांबलं. त्याच सुमारास आई दिसली नाही की कासावीस होणंही सुरू होतं. दिवसा पदराआडून भॉक करून खेळलं की गेलेलं माणूस परत येतं हे त्यांना हळूहळू पटतं.

जे दिलं नाही

कुळागरात जायफळाचं झाड आहे, त्यामुळे "सहाणेवर दोन वेढे उगाळून दे, न्हिदतलें गो" (झोपेल गं) हे रोज ऐकू यायचं. जायफळाने गुंगी येते हे खरं, आणि अडचण तीच आहे. वेढ्यात किती उतरलं ते मोजता येत नाही आणि जास्त झालं तर ते विषारी असतं. आईला डॉक्टरांनी समजावलं तेव्हा पटलं. माझ्याकडून पटलं नसतं. एके काळी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बाया पोरांना अफूची बाळगोळी देऊन जात, तीही शांत झोपण्यासाठीच.

सर्दीची औषधं झोप येते म्हणून देणं हा त्याचाच आजचा अवतार. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना वर्ज्य आहे, श्वास मंदावतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखाली देऊ नयेत असा इशारा लेबलवर छापायला औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं. वर्षाच्या आत मध नको, बोटाला लावूनही नको. बाटलीत दुधाबरोबर पीठ कालवणं नको.

राईची उशी मात्र मी गुपचूप काढली. बाळाला पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर, उशी, लोड, सैल पांघरूण न ठेवता निजवायचं, आपल्याच खोलीत पण शक्यतो वेगळ्या अंथरुणावर. कापडी झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो, म्हणून रात्रभर झोळी नको. आणि बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर पेंगणं सगळ्यात धोक्याचं. तुम्ही जेव्हा सगळ्यात दमलेले असता तेव्हाच ते घडतं.

म्हणून पाळ्या लावा. आमच्याकडे दोनपर्यंत मी, दोननंतर बायको. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत, खरोखर झोपायचं, दारातून सूचना द्यायच्या नाहीत. तिला सलग पाच तास मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी ती विनोद करायला लागली, तेव्हा मला कळलं की बरेच आठवडे ती हसली नव्हती. बाळ झोपलं तरी आईला झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं असेल, तर ते थकव्याच्या पलीकडचं असतं. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.

बाय आता चौदा महिन्यांची. रात्री एकदा उठते, बहुतेक पावणेतीनला, पाणी पिते, माझं बोट शोधते. पण हे एकदा सुधारलं की सुधारलं असं होत नाही. ऑक्टोबरात दिवाळीला, नरकासुराच्या रात्री वाड्यावर पहाटेपर्यंत स्पीकर चालू होता, ती माझ्या खांद्यावरच झोपली, आणि पुढच्या चार रात्री खांदाच हवा म्हणून हटून बसली. जानेवारीत सर्दीने परत तेच. आजारात किंवा पाहुण्यांच्या घरी नियम सोडून द्यायचे, हवं तितकं घ्यायचं, पाजायचं. नाक मोकळं झालं की त्याच रात्री साडेआठला परत सोप्यावर दूध, अंग पुसणं, कोरडे कपडे, नमस्कार, गाणं, अंधार. पहिल्या खेपेला तेरा दिवस लागले होते, जानेवारीत तीन लागले. वही अजून उशाशी आहे, फक्त तिच्यात आता आईने दूधवाल्याचा हिशोब लिहायला घेतलाय.